चतकोर मोठा की आठवा भाग?

घावन तव्यावरून उतरलं, की आमच्याकडे त्याची आधी अर्धी आणि मग चौपदरी घडी पडते. मे महिन्यात रत्नागिरीला आलेल्या नातीला मी सहज विचारलं, "एक चतुर्थांश वाढू की एक अष्टमांश?"

"अष्टमांश! आठ मोठे ना?"

घरात हशा पिकला. तिचा चेहरा मात्र पडला. "मला गणित येतच नाही," असं पुटपुटत ती पानावरून उठली. आमचं हसणं मला दिवसभर बोचत राहिलं.

माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत; औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. पण पाव कळला तो घोकून नव्हे, हातात होता म्हणून. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, तरी पंचवीस पैशांना आम्ही पावलीच म्हणायचो. चार पावल्यांचा रुपया, हे वाण्याच्या दुकानातच समजे. ज्या पावल्यांच्या पिशव्या मी बँकेत मोजून घेतल्या, त्या ३० जून २०११पासून चलनातून गेल्या. मुलांच्या हातातला पाव गेला. उरला तो पुस्तकातला, वर एक आणि खाली चार.

संध्याकाळी जुन्या कॅलेंडरचे दोन सारखे चौरस कापले. एक मधोमध कापला, लांबट आयत मिळाला. दुसरा कर्णावर कापला, त्रिकोण मिळाला. यातला मोठा कोणता? तिला त्रिकोण मोठा वाटला. मी उत्तर दिलं नाही, कात्री दिली. त्रिकोणाची आखूड बाजू खाली ठेवून तो निम्म्या उंचीवर आडवा कापायला लावला. सुटलेलं टोक उलटं फिरवून उतरत्या कडेला जोडलं, तर आयत तयार! तो पहिल्या आयतावर ठेवला. तसूभरही फरक नाही.

"म्हणजे अर्ध्याला स्वतःचा आकार नसतो?" ती म्हणाली. इतकं नेमकं मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिसऱ्या चौरसाच्या घड्या घातल्या. दोन, चार, आठ. घडीगणिक भाग वाढत गेले आणि प्रत्येक भाग लहान होत गेला. आपल्या भाषेनं हे आधीच सांगून ठेवलंय: छेद म्हणजे कापणं, अंश म्हणजे वाटा. खालचा आकडा किती ठिकऱ्या केल्या ते सांगतो, वरचा आपल्या वाट्याला किती आल्या ते.

घरी शिकवणाऱ्यांनी एक जपावं. वाटे दिसायला सारखे नसले तरी चालतील, समान हवेत. आणि अर्धा म्हटलं, की 'कशाचा अर्धा?' हे विचारायला विसरू नये.

दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन पुढ्यात बसली. "आजोबा, मला सहा अष्टमांश."

मी पाऊण घावन मोडू लागलो, तशी ती गडबडीनं म्हणाली, "त्या मोठ्या घावनाचे हं!"