कोपऱ्यातली बुखारी : भिंतीपासून किती दूर?

या वर्षी दिवाळीची सुट्टी लहान होती. एवढ्या दिवसांत साताऱ्याला जाऊन परत येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी माझ्या रूममेटच्या घरी, कुल्लू जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेलो. त्याचं घर जुनं, काठकुणी पद्धतीचं आहे. म्हणजे देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे थर एकावर एक रचलेले, मध्ये सिमेंट नाही. आतल्या खोलीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फळ्या आहेत. त्याच खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी पत्र्याची, लाकडं जाळायची शेगडी आहे. फौजेत आपण जिला बुखारी म्हणतो, तिला तिकडे तंदूर म्हणतात. मला आधी वाटलं, रोट्या भाजणार आहेत!

संध्याकाळी सगळे बुखारीभोवती बसलो. मी भिंतीला पाठ टेकली आणि लगेच उठलो. फळी चांगलीच तापली होती. नीट पाहिलं तर बुखारीच्या मागच्या फळ्यांचा रंग चहासारखा तपकिरी झाला होता, इतर फळ्या मात्र पिवळसर होत्या. मी मित्राच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "बेटा, बावीस हिवाळे झाले, बुखारी इथेच आहे. भिंतीला काही झालेलं नाही."

मित्रांनो, आजोबांचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं. पण खरा धोका त्या बावीस हिवाळ्यांतच आहे.

ताज्या लाकडाला पेट घ्यायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण लाकूड वर्षानुवर्षं कमी तापमानाला तापत राहिलं तरी ते आतून कोरडं होतं आणि हळूहळू कोळशासारखं बनू लागतं. असं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेटू शकतं. बुखारी दर वर्षी तेवढीच तापते, भिंत मात्र दर वर्षी पेटायला थोडी जास्त तयार होते. तपकिरी रंग ही तिची पहिली सूचना आहे.

कोपरा वेगळा का?

बुखारीची उष्णता प्रामुख्याने प्रारणाने पसरते, म्हणजे तापलेल्या पत्र्यापासून सरळ समोरच्या वस्तूवर पडते. सरळ भिंतीजवळ ठेवली तर एकच भिंत तापते. कोपऱ्यात दोन्ही भिंती तापतात आणि मधली गरम हवा पटकन बाहेर पडत नाही.

कोपऱ्यात मोजण्याची चूकही सहज होते. आजोबांनी खोलीच्या कोपऱ्यापासून बुखारीच्या पाठीच्या मध्यापर्यंत टेप लावून दाखवली. १९ इंच. "दीड फुटाच्या वर आहे," ते म्हणाले. पण बुखारी तिरकी ठेवलेली होती. तिच्या मागच्या दोन्ही कडा भिंतींच्या सर्वांत जवळ होत्या. तिथे मोजलं तर फक्त ५ इंच भरले, एक वीतसुद्धा नाही!

म्हणून पहिला नियम असा : अंतर खोलीच्या कोपऱ्यापासून मोजायचं नाही. बुखारीचा भिंतीच्या सर्वांत जवळचा भाग शोधायचा आणि तिथून काटकोनात भिंतीपर्यंत मोजायचं. हे दोन्ही भिंतींसाठी वेगवेगळं करायचं.

मग अंतर किती हवं?

कंपनीने चाचणी करून विकलेल्या शेगडीवर अंतरं लिहिलेली असतात, तीच पाळायची. लोहाराकडून बनवून घेतलेल्या बुखारीवर असं काही लिहिलेलं नसतं. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २११ क्रमांकाच्या मानकात अशा शेगडीसाठी जळू शकणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच अंतर सांगितलं आहे. आपल्याला हे लक्षात ठेवणं सोपं आहे. ड्रिलचा एक कदम ३० इंचांचा असतो. एक कदम आणि वर एक वीत धरली की काम झालं. लाकडावर प्लास्टर केलेलं असलं तरी ती भिंत जळणारीच समजायची.

आता थोडं गणित. बुखारी ४५ अंशांत तिरकी ठेवली, तर खोलीच्या कोपऱ्यापासून तिच्या पाठीच्या मध्यापर्यंतचं अंतर = √२ × (भिंतीपासूनचं अंतर) + (बुखारीची अर्धी रुंदी). मित्राची बुखारी २ फूट रुंद आहे. भिंतीपासून ३ फूट ठेवायची तर हे अंतर ४.२४ + १ = ५.२४ फूट येतं. म्हणजे बुखारी जवळजवळ खोलीच्या मध्यावर! आजी म्हणाल्या, "मग आम्ही बसायचं कुठे?"

पत्रा आणि एक इंच हवा

यावर उपाय आहे. भिंतीसमोर पत्र्याचा आडोसा लावायचा, पण भिंतीला चिकटवून नाही. भिंत आणि पत्रा यांच्यात १ इंच मोकळी जागा ठेवायची. खालून आणि वरूनही जागा उघडी हवी. पत्रा तापला की मागची हवा गरम होऊन वर जाते, खालून थंड हवा आत येते आणि भिंत थंड राहते. असा आडोसा असेल तर ३६ इंचांचे १२ इंच करता येतात.

इथे बरेच जण फसतात. भिंतीला विटा चिकटवून बांधल्या की भिंत सुरक्षित झाली असं वाटतं. पण वीट उष्णता अडवून ठेवत नाही, हळूहळू मागे पोचवते. मोकळी जागा न ठेवता बांधलेल्या साडेतीन इंची विटांमुळे अंतर फक्त २४ इंचांपर्यंत कमी करता येतं. भिंतीचं खरं रक्षण ती एक इंच हवा करते.

दुसऱ्या दिवशी आम्ही काम केलं. मित्राच्या वडिलांनी दोन पत्रे आणले. लोखंडी पाइपाचे एक-एक इंचाचे तुकडे कापून ते पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये घातले. हे तुकडे लाकडाचे चालत नाहीत आणि ते बुखारीच्या अगदी मागे येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर त्यांच्यातूनच उष्णता भिंतीत जाते. पत्रे बुखारीपेक्षा वर आणि बाजूंना दीड-दोन फूट जास्त ठेवले. मग सूत्राप्रमाणे १.४१ + १ = २.४१ फुटांवर, म्हणजे साधारण २ फूट ५ इंचांवर खडूने खूण केली आणि बुखारी तिथे सरकवली.

एवढं तपासा

१. धुराचा साधा एकेरी पाइप लाकडापासून १८ इंच दूर हवा. मित्राकडे तो खिडकीची एक काच काढून, तिथे पत्रा बसवून बाहेर काढला आहे. पाइप खिडकीच्या लाकडी चौकटीच्या फार जवळ होता, तोही बदलावा लागला.

२. लाकडी जमिनीवर बुखारीखाली दगडी फरशी हवी आणि ती दारासमोर १८ इंच पुढे आलेली हवी. निखारा तिथेच पडतो.

३. मोजे, टॉवेल, गादी, सरपण यांनाही तेच ३६ इंच लागू. माझे बाबा लेहला होते. ते सांगतात, बुखारीजवळ कपडे वाळत घालण्याचा मोह सगळ्यांना होतो.

४. अंतरामुळे भिंत वाचते, श्वास वाचत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पाइपाचे जोड घट्ट ठेवा, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि झोपण्याआधी बुखारी पूर्ण विझवा.

त्या संध्याकाळी तासभर बुखारी पेटल्यावर आजोबांनी पत्र्याच्या मागे हात घालून फळीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. फळी कोमट होती. ते काही बोलले नाहीत. फक्त शेजारच्या घरी गेले आणि जाताना टेप सोबत घेऊन गेले.

या हिवाळ्यात तुमच्या घरी किंवा पालकांच्या क्वार्टरमध्ये बुखारी पेटणार असेल, तर आधी तिच्या मागच्या कडेपासून भिंतीपर्यंत मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

— कॅडेट, इयत्ता १० वी