जिथे रडार पोहोचत नाही तिथे विमानांचा हिशेब

मुंबईहून मस्कत, दुबई किंवा जेद्दाला निघालेले विमान किनारा सोडते आणि साधारण अर्ध्या तासात रडारच्या नजरेबाहेर जाते. रडार सरळ रेषेत पाहते आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे खूप उंचावरचे विमानही सुमारे ४५० किलोमीटरनंतर दिसेनासे होते. आपले कारागीर, व्यापारी आणि उमऱ्याचे यात्रेकरू याच वाटेने जातात. मग भर समुद्रावर, रात्रीच्या अंधारात, दोन विमानांची टक्कर कशी होत नाही?

सारा कारभार वहीखात्यासारखा आहे. समुद्रावर विमानांच्या वाटा ठरलेल्या असून वाटेवरील ठिकाणांना पाच इंग्रजी अक्षरांची नावे दिलेली आहेत. मुंबई आणि मस्कत यांच्या हद्दीवर पारार, रास्की अशी ठिकाणे आहेत. तिथे पोहोचताच वैमानिक विमानाचा क्रमांक, वेळ, उंची, पुढचे ठिकाण आणि तिथे पोहोचण्याची अंदाजी वेळ कळवतो. पूर्वी नियंत्रक हे सर्व कागदी पट्टीवर उतरवून घेत. आता ते पडद्यावर असते, रीत मात्र तीच. घड्याळ सर्वांचे एकच, ग्रीनिचचे. अंदाजात दोन-तीन मिनिटांहून जास्त फरक पडला तर वैमानिकाने आपणहून कळवायचे. आमच्या कापडबाजारात उधारीच्या वायद्याला ही शिस्त असती तर! असो.

नेहमीचा रेडिओही इतक्या दूर पोहोचत नाही. म्हणून हाय फ्रिक्वेन्सी वापरतात. तिच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून उलटून दूरवर उतरतात. खरखर मात्र फार. म्हणून जमिनीवरून त्या विमानाची ठरलेली खूण पाठवली की कॉकपिटमध्ये घंटी वाजते, मग बोलणे होते. मिळालेला हुकूम वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवायचा, तेव्हाच तो पक्का.

नजर नसली की अंतर मोठे ठेवावे लागते. रडारखाली ५ ते १० सागरी मैल पुरतात. समुद्रावर जुन्या रीतीने एकाच उंचीवरील दोन विमानांत १० ते १५ मिनिटांचे, म्हणजे दीडशे ते सव्वादोनशे किलोमीटरचे अंतर राखतात. इथे आपल्या धंद्याचा संबंध येतो. जागा अडली की विमानाला हवी ती उंची मिळत नाही, खालून उडताना इंधन जास्त जळते आणि तो खर्च शेवटी तिकिटात व मालाच्या भाड्यात उतरतो. भारतात मोठ्या उंचीवरचे वर-खाली अंतर २००३ साली २००० फुटांवरून १००० फुटांवर आले, तेव्हा बरीच जागा मोकळी झाली. आता अनेक विमाने उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा आपोआप पाठवतात, हुकूमही लेखी येतात. अशा विमानांना ५० सागरी मैल चालतात.

पण खबर आलीच नाही तर? ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास काही कळले नाही, तर विमान काळजीत आहे असे जाहीर करायचे, हा नियम आहे. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर गेले. ब्राझीलच्या नियंत्रकाने पुढच्या ठिकाणाची वेळ तीनदा विचारली, जवाब आला नाही. पुढची हद्द डकारची. तिथे विमान कागदावर पुढे सरकत राहिले, प्रत्यक्षात ते समुद्रात पडले होते. धोक्याचा इशारा निघायला कित्येक तास गेले. २२८ माणसे दगावली आणि मुख्य अवशेष समुद्रतळाशी सापडले ते २०११ मध्ये.

२०१४ साली मलेशियाचे विमान बेपत्ता झाल्यावर जगाने नवा नियम केला. २०१८ पासून मोकळ्या समुद्रावरील मोठ्या प्रवासी विमानाची जागा किमान दर १५ मिनिटांनी कळली पाहिजे. ही जबाबदारी मात्र विमान कंपनीवर टाकलेली आहे, नियंत्रकावर नव्हे.