तुरमलीची निळी टोपी

तुरमलीचा स्फटिक टोकाकडून पाहिला की फुगीर बाजूंचा त्रिकोण दिसतो. अंगावर उभ्या बारीक रेषा, नख फिरवलं तर सहज जाणवणाऱ्या. आडवा धरला तर गुलाबी किंवा हिरवा उजेड आरपार येतो. तोच लांबीच्या दिशेने डोळ्याला लावला तर कित्येकदा जवळजवळ काळा! शिवाय दोन्ही टोकं एकसारखी नसतात, कारण आतली अणूंची रचनाच एका दिशेला झुकलेली आहे. म्हणून स्फटिक तापवला की एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण विद्युतभार येतो. अठराव्या शतकात सिलोनहून हे खडे नेणाऱ्या डच लोकांनी गरम खडा राख ओढून घेतो हे पाहिलं होतं. ही ओढ विजेची आहे, हे १७५६ मध्ये एपिनस या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं.

रंगीत तुरमली मिळते पेग्मटाइट खडकात. ग्रॅनाइटचा तप्त रस थिजत आला की शेवटी थोडा द्रव उरतो, त्यात पाणी, बोरॉन आणि लिथियम खच्चून भरलेलं असतं. क्वचित तिथे पोकळी राहते आणि स्फटिकाला हातपाय पसरायला जागा मिळते. द्रवातली रसायनं बदलली की रंगही बदलतो: मँगनीजने गुलाबी, लोहाने निळा किंवा हिरवा.

कॅलिफोर्नियातल्या पाला गावाजवळच्या 'टूर्मलीन क्वीन' खाणीत हा बदल ऐन शेवटच्या क्षणी झाला. या भागातली गुलाबी तुरमली पूर्वी टनावारी चीनला जाई. राजमाता त्झूशीला ती फार प्रिय होती. १९११-१२ मध्ये छिंग राजवट कोसळली आणि हा व्यापार बसला. किती अखंड स्फटिक कोरीवकामात आणि बटणांत संपले असतील, या विचाराने आजही जीव हळहळतो. पुढे एड स्वोबोडा आणि बिल लार्सन यांनी ही जुनी खाण पुन्हा खणायला घेतली, आणि जानेवारी १९७२ मध्ये एक पोकळी उघडली. आत जाडजूड गुलाबी स्फटिक होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर गडद निळ्या रंगाची टोपी! वाढ थांबायच्या जरा आधी द्रवात लोह आलं, एवढीच ती गोष्ट, पण काय देखणी! त्यातला 'कँडेलाब्रा' हा नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

असा नमुना पैलू पाडून अंगठीत बसवणं मला तरी पाप वाटतं. मुळात तो अखंड हाती येणंच दुर्मीळ. पोकळी भूगर्भातच फुटते, स्फटिक मोडून चिखलात पडतात, आणि उरलेलं काम खाणीतला सुरुंग करतो. कधी मात्र मोडलेल्या जागेवर तुरमली पुन्हा वाढते आणि तुटक्या टोकावर नवे चकचकीत पैलू उमटतात. असा सांधलेला स्फटिक जाणकार संग्राहक आवडीने घेतो, कारण ती दुरुस्ती निसर्गाची असते. माणसाने केलेली दुरुस्तीही चालते: पोकळीत सापडलेले तुकडे जुळवून चिकटवणं हे या छंदात सर्वमान्य आहे, मात्र विकणाऱ्याने तसं सांगितलं पाहिजे. हरवलेला भाग राळेने घडवला असेल तर किंमत बरीच उतरते. म्हणून घेण्याआधी नमुना भिंगाखाली फिरवून पाहावा, उभ्या रेषा सांध्यापाशी जुळतात का ते तपासावं आणि अतिनील दिवा लावावा. बरेच गोंद त्यात चमकून उठतात.