कोरियाचा फड मुंबईत आला. करार कोण वाचणार?

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही नावे गावाकडच्या माणसाला परकी नाहीत. जुन्नर-आंबेगावची, सातारा-सांगलीची, कोकणातली माणसे पोटापाण्यासाठी तिथे गेली आणि तिथलीच झाली. मे महिन्यात त्यांची नातवंडे गावी येतात. पूर्वी ती येताना नव्या सिनेमाची गाणी आणायची; आता मोबाइलवर कोरियन भाषेतली गाणी लावतात. आजोबांना त्यातले ओ की ठो कळत नाही. खरे सांगायचे तर नातवंडांनाही शब्द फारसे कळत नाहीत. पण कोणत्या गटाचा अल्बम कधी आला, कोण नाचात तरबेज, कोणाचा आवाज चढा, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. या गाण्यांना म्हणतात के-पॉप.

शेतीच्या पानावर याचे काय काम, असे वाचक म्हणतील. काम आहे. बीटीएस हा सात पोरांचा जगप्रसिद्ध गट ज्या कंपनीचा, त्या सोल शहरातल्या हाइब कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत आपली भारतीय कंपनी काढली. इथलेच कलाकार शोधायचे आणि तयार करायचे, असा तिचा जाहीर बेत आहे. म्हणजे आजवर पोरे नुसती ऐकत होती, उद्या निवडीच्या रांगेत उभी राहतील. रांगेत मुलुंडची मुलगी असेल, तशी मोबाइलवर बघून नाच शिकलेली खेड्यातलीही असेल. ओडिशातल्या राउरकेला गावची श्रिया लेंका २०२२ मध्ये ब्लॅकस्वॉन या कोरियन गटात निवडली गेली. तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून लांबची आहे, असे समजण्यात अर्थ नाही.

हा फड चालतो कसा?

तमाशाचा फड ज्याने पाहिला, त्याला हा कारभार समजायला वेळ लागणार नाही. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. फड उभा करायला पैसा मालकाचा. कलावंताला तो आधी उचल देतो आणि मग हंगामभर ती फिटत राहते.

कोरियात फडमालकाच्या जागी कंपनी असते. ती बारा-चौदा वर्षांची पोरे निवडते. त्यांना गाणे, नाच, भाषा, बोलणे-चालणे काही वर्षे शिकवते. राहणे-खाणे तिचेच. त्यातली चार-पाच किंवा सात-आठ वेचून गट बांधते आणि लोकांपुढे आणते. कित्येक पोरे तोवर मागे गळतात. गाणे कोणते, कपडे कोणते, नवा अल्बम कधी, हे बहुधा कंपनीच ठरवते. गट कमवायला लागला की झालेला खर्च आधी वळता होतो, मग उरलेल्यातून वाटा मिळतो. शिकवण्याचा खर्च काही कंपन्या स्वतःच सोसतात, काही तोही पोरांच्या नावावर लावतात. उचल ती उचलच. नाव वेगळे एवढेच.

उपनगरातले तट

कोकणी माणसाला डबलबारीचे भजन माहीत आहे. दोन बुवा समोरासमोर बसतात आणि ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. आपल्या बुवाची बाजू कुणी सोडत नाही. उपनगरातल्या कॉलेजांत आणि नाचाच्या क्लासांत कोरियन गटांवरून तसेच तट आहेत. दिल्लीच्या कोरियन सांस्कृतिक केंद्राच्या देशव्यापी स्पर्धेला पोरे तयारी करून उतरतात. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लोलापालूझा महोत्सवात गॉट सेव्हन गटाचा जॅक्सन वांग आला, तेव्हा या चाहत्यांना आपला एक कलाकार आपल्या शहरात पाहायला मिळाला.

त्यांचे वाद कशावर? एक वाद भाषेचा. बीटीएसचे डायनामाइट हे इंग्रजी गाणे ऑगस्ट २०२० मध्ये आले आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. काहींना वाटते, यामुळेच जग या पोरांना ओळखू लागले. दुसरे म्हणतात, कोरियन शब्दांतच खरा दम होता. इंग्रजीत गेले आणि मातीचा वास गेला. हा वाद आपल्याकडे बोलीत लिहावे की पुस्तकी भाषेत, यावर चालतो तसाच.

दुसरा वाद गट मोठा की माणूस मोठा, हा. ब्लॅकपिंक या चार मुलींच्या गटाने २०२३ च्या डिसेंबरात वायजी कंपनीशी करार वाढवला, पण तो गटापुरताच. एकटीची कामे प्रत्येकीने वेगळी ठेवली. २०२४ मध्ये त्यातल्या रोजेचे आपात हे गाणे जगभर वाजले. कुणाला वाटते आता चौघी मनाने पांगल्या, तर कुणी म्हणते, आपापली जमीन कसून सामाईक विहीर राखली, यात बिघडले काय?

तिसरा वाद पैशाचा. एका अल्बमच्या डब्यात गाण्यांच्या तबकडीबरोबर एखाददुसरे छोटे फोटोकार्ड निघते. सातांपैकी कोणाचे निघेल ते डबा फोडल्याशिवाय कळत नाही. हवे ते कार्ड मिळेपर्यंत काही पोरे एकच अल्बम दोनदा-तीनदा घेतात. खताची गाडी चौघांनी मिळून मागवावी, तशी ही पोरे एकत्र मागणी नोंदवून वाहतूक आणि जकात वाटून घेतात. हा शहाणपणाच म्हणायचा. पण एकाच तबकडीच्या चार-चार प्रती कपाटात पडतात, याचा राग चाहत्यांनाही आहे. इंडोनेशिया आणि कोरियातल्या चाहत्यांनी २०२१ मध्ये केपॉप फॉर प्लॅनेट नावाची चळवळच काढली. प्लास्टिकचा हा पसारा आवरा, असे ती कंपन्यांना सांगते.

खरा वाद कराराचा

या सगळ्यांपेक्षा जास्त जीव तोडून चाहते भांडतात ते करारावर. आणि गावाकडच्या माणसाने कान द्यावा तो इथेच.

टीव्हीएक्सक्यू नावाचा पाच जणांचा गट २००३ च्या डिसेंबरात पुढे आला. त्यांचा एसएम कंपनीशी करार होता तेरा वर्षांचा. २००९ मध्ये पाचांपैकी तिघे कोर्टात गेले. त्याच वर्षी कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने नमुना करार जाहीर केला. सात वर्षांपेक्षा लांब करार असला, तरी सात वर्षांनंतर तो सोडायची मोकळीक कलाकाराला मिळाली. तेव्हापासून चाहत्यांच्या तोंडी ‘सातवे वर्ष’ हा शब्द बसला. गटाचे सातवे वर्ष आले की त्यांचा जीव टांगणीला लागतो: टिकतो का मोडतो?

मग निघतो नावाचा प्रश्न. बीस्ट हा गट २०१६ मध्ये क्यूब कंपनीतून बाहेर पडला. पण नावाची मालकी कंपनीकडे. माणसे तीच, गळे तेच, तरी २०१७ मध्ये त्यांना हायलाइट या नव्या नावाने सुरुवात करावी लागली. उलट गॉट सेव्हनचे सातही जण जानेवारी २०२१ मध्ये जेवायपी कंपनी सोडून वेगवेगळ्या वाटांनी गेले, पण नाव त्यांना मिळाले आणि २०२२ मध्ये त्याच नावाने पुन्हा एकत्र येऊन त्यांनी अल्बम काढला. म्हणजे सातबारा कोणाच्या नावावर, हा प्रश्न गाण्यातही सुटत नाही.

चांगले उदाहरणही आहे. बीटीएसची कंपनी २०१३ मध्ये लहानशीच होती. २०२० मध्ये ती शेअर बाजारात गेली, तेव्हा मालक बांग शि-ह्योक यांनी सातही पोरांना प्रत्येकी ६८,३८५ शेअर दिले. कारखान्याला ऊस घालणारा आणि कारखान्याचा सभासद, यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. चाहते या गोष्टीचा अभिमानाने उल्लेख करतात. पण सगळीकडे असेच घडत नाही, हेही तेच सांगतात.

त्याच हाइबच्या छताखालची अडोर ही कंपनी. तिचा न्यूजीन्स हा पाच मुलींचा गट २०२२ मध्ये आला आणि बघता बघता गाजला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलींनी करार संपला असे जाहीर केले. चाहत्यांत उभी फूट पडली. मुलींचा मान राखला गेला नाही, असे एकीकडे; सही केली तर ती पाळायला हवी, असे दुसरीकडे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी सोलच्या कोर्टाने करार कायम असल्याचा निकाल दिला. त्यातली हानी ऑक्टोबर २०२४ मध्ये कोरियाच्या संसदेपुढे गाऱ्हाणे सांगून आली होती. पुढे तिथल्या कामगार खात्याने म्हटले, ही कायद्याने कामगारच नाही. राबायचे पुरते, पण कामगार म्हणून नोंद नाही! आपल्या ऊसतोड मजुराला हे वाक्य ओळखीचे वाटेल.

पोर आपले, सही आपली

आता आपल्या दाराशी येऊ. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला करार करता येत नाही. अर्थात कागद येणार तो आई-बापापुढे. त्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पैसे. कोरियातल्या मोठ्या कंपन्या निवड चाचणीला शुल्क घेत नाहीत. नावनोंदणी, फोटो, व्हिसा अशा कारणाने कुणी आधी पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

दुसरी, मुदत. किती वर्षे, आणि कोणत्या दिवसापासून? कोरियात सात वर्षे सहसा गट लोकांपुढे आल्यापासून मोजतात. शिकण्याची वर्षे त्याच्या बाहेर राहतात.

तिसरी, खर्च. मुलाच्या नावावर काय काय चढणार, हिशेबाचा कागद किती महिन्यांनी हातात मिळणार, हे लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर उचल घेऊन फसलेली माणसे गावोगाव आहेत.

चौथी, दंड. मध्येच सोडले तर किती भरायचे? कोरियात शिकाऊ पोरांच्या करारात खर्चाच्या दोन-तीन पट दंड लावणारी कलमे होती. २०१७ मध्ये त्याच सरकारी आयोगाने ती कंपन्यांना बदलायला लावली. आपल्या कागदात तसे कलम असेल तर तिथेच बोट ठेवावे.

पाचवी, शाळा आणि कामाचे तास. कोरियात २०१४ पासूनच्या कायद्याने पंधरा वर्षांखालील कलाकाराला आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त काम सहसा देता येत नाही. आपण निदान एवढे तरी मागावे.

सहावी, भाषा. कागद इंग्रजीत असेल तर मराठी करून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि एक प्रत घरी ठेवावी.

सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षकांचेही काम आहे. जन्मतारखेचा दाखला आहे तसाच द्यावा. कुणाच्या आग्रहाने वय वाढवू नये. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. ‘आधी तिथं कागद दाखव, मग सही कर’ एवढे सांगितले तरी एखादे घर वाचेल.

पोरांना गाणे ऐकू नका, नाचू नका म्हणण्यात हशील नाही. उलट ज्या घरात असा चाहता आहे, त्याला जवळ बसवून विचारावे, ‘सातव्या वर्षी काय होतं रे? गटाचं नाव कुणाकडं राहतं?’ पोर भराभर सांगेल. अंधेरी-बोरिवलीच्या पोरांनी गाण्याबरोबर कराराची कलमेही पाठ केली आहेत. ऊस, दूध, कंत्राटी शेती यांच्या कागदावर न वाचता अंगठा-सही करणाऱ्या आपण थोरांनीही त्यांच्याकडून तेवढे शिकून घ्यावे.