शेत गेलें म्हणजे ऊन कोठें जातें?

आमच्या वाचकांपैकीं ज्यांची जमीन शहरालगत आहे, त्यांस एकरी भाव मुखोद्गत असतो. परंतु शेत मोडून तेथें डांबर व सिमेंट आल्यावर त्या जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचें काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां बिनशेतीचीं पुष्कळ प्रकरणें आमच्या हातून गेलीं. त्यांत क्षेत्र, आकार, हद्दी, रस्ता या सर्वांची नोंद असे. उन्हाची मात्र नसे. ती येथें करावी, असा आमचा हेतु आहे.

हा हिशेब जमाखर्चासारखाच आहे. सूर्याचें ऊन व आकाशांतून खालीं येणारी उष्णता ही जमा. उन्हाचा कांहीं भाग जमीन तत्काळ परत फेकते, व आपली उष्णताहि अदृश्य किरणांनीं रात्रंदिवस आकाशाकडे सोडते, हा खर्च. दिवसा जी शिल्लक राहते तिचे तीन वांटे होतात. एक जमिनीच्या पोटांत मुरतो, दुसरा हवा तापवितो, व तिसरा पाण्याची वाफ करण्यांत खर्ची पडतो.

हिरवें पीक शेंकडा सुमारें २० भाग ऊन परत फेकतें. नवें डांबर जेमतेम ५ भाग फेकतें, तर सिमेंट पुष्कळदां पिकाहूनहि अधिक. म्हणून केवळ रंगामुळें शहर तापतें असें म्हणतां येत नाहीं. मोठा फरक वाफेच्या वांट्यांत आहे. एक एकर भरघोस उंसांतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालें, तर तें सुमारें २०,००० लिटर होतें. एवढ्या पाण्याची वाफ होण्यास लागणारी उष्णता विजेच्या मापानें सुमारें १३,७०० युनिट भरते. ऊंस जाऊन फरसबंदी आली, कीं पावसाचें पाणी गटारानें वाहून जातें, वाफेस पाणी उरत नाहीं, आणि ती उष्णता भिंतींत व हवेंत शिरते.

भिंतींत सांठलेली उष्णता रात्रीं बाहेर पडते. उघड्या रानांत तिला सबंध आकाश मोकळें असतें. उंच इमारतींमधून आकाशाची केवळ पट्टी दिसते. एका भिंतीनें सोडलेली उष्णता समोरची भिंत घेते. म्हणून शहराचा ताप दुपारपेक्षां रात्रीं अधिक कळतो. ल्यूक हॉवर्ड यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन येथें नोंदी ठेवून हेंच दाखविलें. तेथील रात्र बाहेरच्यापेक्षां ३.७ अंश फॅरनहाइटनें उबदार आढळली, आणि दिवस किंचित् थंड!

पुण्यास १९३२ सालीं शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग निघाला व डॉ. एल. ए. रामदास यांनीं जमिनीलगतच्या हवेचा बारकाईनें अभ्यास केला. काळ्या जमिनीवर खडूची भुकटी पसरली असतां ती कमी तापते, हें त्या काळीं तेथें पाहिलें गेलें. त्याच पुण्याच्या महानगरपालिकेनें २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें आपल्या हद्दींत घेतलीं.

येथें शेतकऱ्यानेंहि आपली बाजू तपासावी. वैशाखांत नांगरून पडलेलें कोरडें काळें रान दुपारीं शहराइतकें, कधीं त्याहूनहि अधिक तापतें; कारण त्यांतहि वाफेस पाणी नसतें. मात्र रात्रीं तें लवकर निवतें. हा निवण्याचा गुण रब्बीस मोलाचा आहे. गव्हाचा दाणा भरतांना रात्री उबदार राहिल्या, तर पीक लवकर पिकतें व दाणा बारीक राहतो.

जमीन विकूं नका, असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आम्हीं स्वतः वडिलोपार्जित तुकडा अडचणीपायीं विकला आहे. परंतु जो विकतो तोहि पुढें तेथेंच राहतो, व त्याचीं मुलेंबाळें त्याच रात्रींत निजतात. तरी विकास आराखडा प्रसिद्ध होतांच मुदतींत हरकत द्यावी, ओढे बुजूं देऊं नयेत, आणि मोकळ्या जागेस फरशी न घालतां झाडें लावावींत. घराच्या गच्चीस पांढरा चुना द्यावा. ज्यांचें शेत अद्याप शिल्लक आहे त्यांनीं पाचट न जाळतां तें आच्छादन म्हणून ठेवावें. सातबारा एकदां बदलला, कीं उन्हाचा हिशेब दुरुस्त करणें फार कठीण जातें.