पाणी वजा हवा

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं, की निम्मं शहर कॉम्प्युटर विकतंय आणि उरलेलं निम्मं भाव पाडून मागतंय असं वाटतं. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते पत्त्यापुरतं, तोंडात लॅमिंग्टनच. इथल्या काचेच्या शोकेसांत हल्ली पारदर्शक नळ्यांतून रंगीत पाणी फिरवणारी मशिनं दिसतात. गिऱ्हाईक थबकतं, मोबाइलवर फोटो काढतं आणि हमखास विचारतं, "टेम्परेचर किती राहतं?" दुकानदारही एक आकडा ठोकून देतो. तो आकडा चिपचा, पाण्याचा की दुकानातल्या एसीच्या हवेचा, हे कोणी विचारत नाही.

माझा मावसभाऊ लालबागच्या चाळीतल्या खोलीत थ्रीडीचं काम करतो. वर्षभर जाहिराती, आणि पावसाळा लागला की गणेश मंडळांच्या देखाव्यांचे आराखडे. कार्यकर्त्यांना मंडप उभा राहण्याआधी तो पडद्यावर फिरून बघायचा असतो, त्यामुळे रात्र-रात्र रेंडर चालू. त्याच्या मशीनला कस्टम लूप आहे. म्हणजे कंपनीतून सीलबंद येणारा कूलर नव्हे. पंप, टाकी, ब्लॉक, रेडिएटर, नळ्या सगळं सुटं आणून स्वतः जोडलेलं. त्याच्या शेजारी बसून मी हे आकडे वाचायला शिकलो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "दादा, चिपकडे बघून घाबरू नकोस. आधी पाणी बघ, मग खोली बघ."

लूपची रचना सोपी. पंप टाकीतलं पाणी ओढतो, प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ब्लॉकमधून आणि मग ग्राफिक्स कार्डावरच्या ब्लॉकमधून ढकलतो. तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये शिरतं, त्याच्या पातळ पट्ट्यांमधून पंखे हवा खेळवतात, आणि निवलेलं पाणी परत टाकीत. सगळं मिळून लिटरभर डिस्टिल्ड वॉटर, त्यात शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे दोन-चार थेंब. यात थंडावा कुठेच तयार होत नाही. पाणी चिपची उष्णता उचलतं आणि हवेत सोडतं, एवढंच. म्हणूनच हे पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली 33 अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार, मग रेडिएटर कितीही महागाचा असो.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, रेंडर तासभर चालल्यावर पडद्यावर असं होतं: हवा 33, पाणी 43, ग्राफिक्स कार्ड 58, प्रोसेसर 89. जानेवारीतल्या पहाटे तेच काम लावल्यावर: हवा 24, पाणी 34, कार्ड 49, प्रोसेसर 79. नुसता शेवटचा आकडा बघणारा म्हणेल, थंडीत मशीन दहा अंशांनी सुधारलं. वजाबाकी करा. पाणी वजा हवा, दोन्ही वेळा 10. कार्ड वजा पाणी, दोन्ही वेळा 15. प्रोसेसर वजा पाणी, एकदा 46, एकदा 45. मशीन तसूभर बदललेलं नाही. बदलली ती मुंबई.

या फरकांतही शिकण्यासारखं आहे. या कामात कार्ड साधारण 350 वॉट खातं, प्रोसेसर 200. तरी जास्त खाणारं कार्ड पाण्याच्या 15 अंश वर आणि कमी खाणारा प्रोसेसर 46 अंश वर. कारण क्षेत्रफळ. त्याच्या आरटीएक्स 4090 कार्डाची चिप 600 चौरस मिलिमीटरच्या वर आहे आणि ब्लॉक थेट तिच्या उघड्या पाठीवर टेकतो. त्याच्या रायझन 9 7950एक्स प्रोसेसरची बहुतेक उष्णता सुमारे 70 चौरस मिलिमीटरच्या दोन तुकड्यांत निर्माण होते, आणि त्यांच्यावर धातूचं जाड झाकण. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता काढायची तर तापमानाची मोठी उतरण लागणारच. या प्रोसेसरची ठरवून दिलेली मर्यादा 95 आहे. 89 बघून रेंडर थांबवायची गरज नाही.

वजाबाकीवर विसंबायचं तर आधी दोन्ही आकडे खरे हवेत. पाण्याचा सेन्सर म्हणजे पाव इंची आट्यांचं पितळी बूच. पोटात थर्मिस्टर, मागून दोन तारा. 25 अंशांना त्याचा रोध 10 हजार ओहम असतो, पाणी तापलं की उतरतो. मदरबोर्ड रोध मोजतो आणि अंश सांगतो. ग्यानबाची मेख इथेच आहे. रोध कोणत्या उताराने उतरतो हे सेन्सरागणिक वेगळं असतं. त्याला बीटा म्हणतात. 3950 बीटाचा सेन्सर 3435 धरून चालणाऱ्या बोर्डाला लावला, तर 25 अंशांना दोघांचं छान जमतं आणि 40 अंशांना बोर्ड दोन-अडीच अंश जास्त सांगतो. म्हणजे नेमकं जिथे काम आहे तिथेच खोट.

मावसभावाची तपासणीची रीत घरगुती आहे, पण पक्की. स्टीलच्या तांब्यात कोमट पाणी, साधारण 40 अंश. त्यात तापाचा डिजिटल थर्मामीटर. हे उपकरण 35 ते 42 या पट्ट्यातच अचूक असावं म्हणून बनवलेलं असतं, आणि लूपचं पाणी भर उन्हाळ्यात असतं ते याच पट्ट्याच्या आसपास. सेन्सरची तोंडं पाण्यात, तारा बाहेर, चमच्याने पाणी सतत ढवळायचं. थर्मामीटर स्थिरावला की प्रत्येक सेन्सरपुढे तो किती चुकतो ते वहीत लिहायचं आणि प्रोग्रॅममध्ये तेवढी दुरुस्ती भरायची. मी बसलो होतो तेव्हा थर्मामीटर 39.8 वर, एक सेन्सर 41.9 वर आणि दुसरा 40.1 वर होता. पहिल्याच्या नावापुढे "उणे 2.1" असं लिहून त्याने तांब्या मोरीत रिकामा केला.

हवेचा सेन्सर कुठे लावायचा, हा याहून नाजूक मामला. मोबाइलवर दिसणारा कुलाब्याचा आकडा कामाचा नाही. कुलाबा वेधशाळा 1826 सालची, तिचा मान मोठा. पण तिथल्या मोकळ्या हवेचा आणि लालबागमधल्या दहा बाय बाराच्या खोलीचा काय संबंध? मोजायची ती रेडिएटरमध्ये शिरणारी हवा, तीही पंख्यापासून बोटभर अंतरावर. भिंतीवरचा सेन्सर भिंतच सांगतो, कारण चाळीच्या भिंती दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन रात्री सोडत बसतात. शिवाय मशीनच साडेपाचशे वॉटची शेगडी आहे. दार लावलं की खोली तासाभरात दोन-तीन अंश चढते, आणि तेवढंच पाणी.

मोजण्याच्या जागेवरून या शहरात एकदा मोठंच स्थलांतर झालेलं आहे. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं होत. मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर त्या मोजमापांत गडबड होणार हे उघड होतं. म्हणून 1904 पासून ते काम अलिबागला सुरू झालं. विजेची ट्राम आली 1907 साली. ट्राम कोणी अडवली नाही, उपकरण हलवलं. खोलीतल्या कामालाही तोच नियम लागू पडतो.

पाण्याचा सेन्सर मात्र लूपमध्ये कुठेही बसवला तरी फारसं बिघडत नाही. मिनिटाला 4 लिटर पाणी फिरत असेल तर साडेपाचशे वॉट गिळूनही ते जाताना आणि येताना जेमतेम 2 अंशांनी वेगळं असतं. आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावर तासन् तास वाद घालणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा. पण दोन सेन्सर लावले, एक रेडिएटरच्या आधी आणि एक नंतर, तर त्या 2 अंशांवर नजर ठेवता येते. प्रवाह मिनिटाला लिटरभरावर आला की हाच फरक 8 अंशांच्या घरात जातो.

खरी मजा दुखणं ओळखण्यात आहे. पाणी वजा हवा हा फरक वाढला, तर दोष रेडिएटरकडे: पंखा मंदावलाय, पट्ट्यांत धूळ बसलीय किंवा बाहेर फेकलेली गरम हवाच फिरून आत येतेय. लालबागला उन्हाळ्यात मसाला कांडपाचा मोसम असतो. त्या दिवसांत मशीनची जाळी काढली की तिच्यावर धुळीचा तांबूस थर असतो आणि पुसणाऱ्याला शिंका. जाळी धुतली की फरक पुन्हा जागेवर. चिप वजा पाणी हा फरक वाढला, तर रेडिएटर निर्दोष, दोष ब्लॉकपाशी. त्यातही फक्त प्रोसेसरचा वाढला तर त्याची थर्मल पेस्ट सुकलीय, नाहीतर ब्लॉकच्या आतल्या केसाएवढ्या खाचांत गाळ अडकलाय. मऊ नळ्यांमधून सुटणारं प्लास्टिसायझर तिथेच जाऊन बसतं. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचेही एकदम वाढले, तर दोन्हीकडची पेस्ट एकाच दिवशी सुकत नाही. प्रवाह कमी झालाय, पंप बघा. दोन वजाबाक्यांत एवढं निदान होतं, एकही स्क्रू न काढता.

पंख्यांचा वेग कशावर बांधायचा, हेही यातूनच ठरतं. बहुतेक मदरबोर्ड तो प्रोसेसरच्या तापमानावर बांधून ठेवतात. प्रोसेसर ब्राउझर उघडला तरी सेकंदात वीस अंश उडी मारतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. पंखे गुरगुरतात, गप्प होतात, पुन्हा गुरगुरतात. पाण्याला मात्र पत्ताही नसतो. रेडिएटर अजिबात नसता तरी हे लिटरभर पाणी पूर्ण भाराखाली मिनिटाला जवळपास 8 अंशांनीच चढलं असतं. म्हणून पंखे पाण्यावर बांधायचे. पण थंड देशातल्या लोकांनी सांगितलेलं "पाणी 35 झालं की पंखे जोरात" हे सूत्र इथे कुचकामी. मेमध्ये मशीन नुसतं चालू केलं तरी पाणी 35 च्या जवळ, मग दिवसभर पंखे पूर्ण वेगात. इथे पंखे फरकावर बांधावे लागतात. विंडोजवरच्या फॅन कंट्रोल नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन सेन्सरांची वजाबाकी करून तिसरा आकडा बनवता येतो. फरक 5 असेल तर पंखे संथ, 10 ला मध्यम, 15 ला पूर्ण वेग. जानेवारी असो वा ऑक्टोबर हीट, मांडणी तीच राहते.

"मग पाणीच गार करायचं, एक चिलर लावायचा," असं सुचवणारे भेटतात. जुलैत खोली 28 अंशांवर आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 25 च्या आसपास येतो. नळी त्याखाली गेली की तिच्यावर दव धरणार आणि ते थेंब मदरबोर्डावर पडणार. खोलीच्या हवेखाली मिळणार काय, तर तीन अंश. गोची चिलरशिवायही होऊ शकते. एसीत 22 अंशांवर रात्रभर बंद पडलेलं मशीन, आणि सकाळी कोणीतरी पावसाळी हवेसाठी खिडकी उघडली, तर एसी लोकलमधून दादरच्या फलाटावर उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच रेडिएटरचं होतं. अशा वेळी मशीन लगेच चालू करायचं नाही; पाणी खोलीच्या बरोबरीला येईपर्यंत चहा घ्यायचा.

पाण्याने यंत्राची उष्णता वाहून नेणं या वस्तीला नवं नाही. वाफेच्या इंजिनांचे कंडेन्सर थंड ठेवायला गिरण्यांच्या आवारांत तलाव असत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारातल्या तलावाचं नाव वस्त्रसंग्रहालयाच्या निमित्ताने लोकांनी पुन्हा ऐकलं. कॉम्प्युटरच्या जगात 1985 चा क्रे-2 तर आख्खा फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला होता, आणि पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म महासंगणकातही द्रव थेट चिपपर्यंत नेलेला आहे. तिथे नजर ठेवायला माणसं नेमलेली असतात. चाळीतल्या खोलीत रेंडर लावून माणूस झोपी जातो, म्हणून राखणीची व्यवस्था मशीनवरच सोपवावी लागते.

आणि इथे पाण्याचा आकडा दगा देऊ शकतो. पंप बंद पडला की पाणी जागच्या जागी थांबतं. ब्लॉकमधलं चमचाभर पाणी कडकडीत तापतं, प्रोसेसर काही सेकंदांत 95 ला भिडतो. पण दूर टाकीपाशी बसलेल्या सेन्सरपर्यंत ती उष्णता पोचतच नाही. तो आपला 38, मग 37 दाखवत राहतो. पाणी निवतंय, सगळं आलबेल! प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो, फारच झालं तर मशीन बंद पाडतो, पण रात्रीचं काम बुडतं. म्हणून पंपाची वेगाची तार मदरबोर्डावर प्रोसेसरच्या पंख्याच्या जागी जोडायची, म्हणजे फेरे शून्य झाले की बोर्ड बोंब मारतो. प्रवाह मोजणारी चक्री बसवली तर अधिक बरं, कारण पंप फिरत असूनही नळी दुमडलेली असू शकते. पाण्यालाही 50 अंशांचा इशारा लावायचा. डी5 जातीच्या पंपाची मर्यादा 60 आहे, आणि पीईटीजीच्या कडक नळ्याही त्या सुमारास फिटिंगपाशी ढिल्या पडू लागतात. या क्रमात अदलाबदल करू नये: राखणीला आधी प्रवाह, मग पाणी, मग चिप. वजाबाक्या निदानासाठी आहेत, आणि पाणी फिरतंय याची खात्री असेल तोवरच त्यांना अर्थ आहे.