कंसातले नाव

अप्पा बळवंत चौकात मिळणारी मानसशास्त्राची गाइडे मी विद्यार्थी असताना वाचली आणि शिक्षक झाल्यावर, खोटे कशाला बोलू, त्यांच्यावर तासही घेतले. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा पाठ त्यातलाच. 'ए' म्हणजे घडलेली घटना, 'बी' म्हणजे तिच्याविषयीची आपली समजूत, 'सी' म्हणजे त्यातून उपजणारी भावना आणि वर्तन. नापास झालो, ही 'ए'. नापास होणारा माणूस कवडीमोलाचा, ही 'बी'. अंथरुणातून उठू न देणारी खिन्नता, ही 'सी'. पुढचे अक्षर 'डी': त्या समजुतीला आव्हान देणे. ते तीन पायऱ्यांनी द्यायचे. अविवेकी समजूत हुडकायची, तिच्याशी वाद घालायचा आणि विवेकी विचाराहून ती वेगळी कशी, हे ओळखायला शिकायचे. या पायऱ्यांखाली मी फळ्यावर वर्षानुवर्षे 'एलिस' एवढेच लिहीत आलो.

एकदा एका मुलीने विचारले, "सर, यात आपल्याकडच्या कोणी काहीच केलं नाही का?" मी बेधडक 'नाही' म्हणालो.

पुढे एलिस आणि विंडी ड्रायडन यांचे १९८७चे पुस्तक मुळातून वाचले. त्या पायऱ्यांपाशी कंसात नाव होते: फडके, १९८२. म्हणजे मुंबईचे कि. मो. फडके. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. उपचारपद्धतीत सुचवलेल्या सुधारणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'रॅशनल लिव्हिंग' या नियतकालिकात आला होता.

एलिस यांनी श्रेय लपवले नव्हते. आपल्या पद्धतीचे मूळ एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञात आहे, हेही ते उघड सांगत. नाव गळाले ते खालच्या उतरंडीवर. सारांश काढणाऱ्याने कंस गाळला, गाइडवाल्याने सारांश उतरवला आणि मी गाइड उतरवले. यात चोर कोणीच नाही, म्हणून तर पकडायलाही कोणी सापडत नाही.

लिऑन फेस्टिंगर यांच्या विचार-विसंगतीच्या सिद्धान्ताचेही असेच झाले. १९३४च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. धक्का बसला पण नुकसान झाले नाही, अशा भागांत याहून भयंकर संकटाच्या वावड्या उठत होत्या. घाबरलेल्या माणसांनी आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवाव्यात? फेस्टिंगर यांना वाटले, मनात आधीच असलेल्या भीतीला कारण हवे म्हणून. या कोड्यातून आपला सिद्धान्त सुचू लागला, असे त्यांनी १९५७च्या ग्रंथात नोंदवले आहे. वर्गात मात्र फेस्टिंगर पोहोचतात, पाटण्याचे प्रसाद पोहोचत नाहीत.

उलटही घडते. गरजांचा प्रसिद्ध पिरॅमिड मॅस्लो यांच्या १९४३च्या मूळ लेखात नाहीच. तो पुढे व्यवस्थापनाच्या लेखनातून रूढ झाला. तरी शिखरावरची माणसे मोजकीच, या टीकेचा मार मॅस्लो खातात.

फडके यांच्या बाबतीत उत्साहाच्या भरात दुसऱ्या टोकालाही जायला नको. 'ए-बी-सी'ची मांडणी एलिस यांचीच. फडके यांनी 'डी'ची कृती सुटी करून दाखवली. पण समुपदेशकाला रोज उपयोगी पडते ती हीच कृती. 'समजुतीला आव्हान द्या' एवढ्याने समोर रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचे, ते कळत नाही.

यंदा फळ्यावर कंसासकट लिहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पेपरात कोणाचं नाव लिहायचं?" मी म्हणालो, दोन्ही. "आणि तपासणाऱ्याच्या नमुना उत्तरात एकच असलं तर?"

त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही.